पक्षाघातानंतरचा व्यायाम : थोडा इतिहास

"डॉक्टर, सहा महिने झाले. आता हात आणखी सुधारेल का?" पक्षाघात (लकवा) झालेल्या रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. मी एम.डी. करत होतो तेव्हा आम्ही बेधडक सांगत असू, "जे यायचे ते सहा महिन्यांतच येते." ते उत्तर अपुरे होते. का, ते पाहू.

मेंदूच्या मेलेल्या पेशी परत तयार होत नाहीत, म्हणून गेलेली हालचालही परत येणार नाही, अशी पूर्वी समजूत होती. १९४०च्या दशकात लंडनमध्ये बर्टा बोबाथ यांनी लुळ्या बाजूवरच उपचार सुरू केले. हे मोठे पाऊल होते. मात्र जोर लावला तर स्नायू अधिक ताठरतील, या भीतीने ताकदीचे व्यायाम पुढे कित्येक वर्षे टाळले गेले. ही भीती अनाठायी होती, हे नंतरच्या संशोधनात दिसले.

याच काळातली एक गोष्ट ऐका. न्यूयॉर्कचे प्राध्यापक पेद्रो बाख-इ-रिता यांना साठीनंतर पक्षाघात झाला. चालणे गेले, बोलणे गेले. रुग्णालयातल्या उपचारांनी फरक पडेना. तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेणारा त्यांचा मुलगा जॉर्ज त्यांना मेक्सिकोला घेऊन गेला. मूल आधी रांगते, मग चालते, एवढाच त्याचा हिशेब. त्याने वडिलांना भिंतीच्या आधाराने रांगायला लावले, जमिनीवरच्या गोट्या लुळ्या हाताने उचलायला लावल्या, भांडी घासायला लावली. पुढे पेद्रो पुन्हा महाविद्यालयात शिकवू लागले! १९६५ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात मेंदूतली मोठी इजा तशीच होती. म्हणजे मेलेला भाग जिवंत झाला नव्हता, उरलेल्या भागांनी त्याचे काम शिकून घेतले होते.

एका रुग्णावरून नियम ठरत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतील २२२ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झाले होते आणि मनगट-बोटांत थोडी हालचाल शिल्लक होती. काहींच्या चांगल्या हातात दोन आठवडे मोजा घालून दुबळ्या हाताकडून तासन्‌तास सराव करून घेतला. त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला आणि फायदा वर्षभरानंतरही टिकला.

पण घाईही नको. २०१५ मध्ये २१०४ रुग्णांवरील अभ्यासात, पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवून जोरात व्यायाम दिलेल्यांपैकी कमी जण चांगले बरे झाले.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

- व्यायाम कधी आणि किती करायचा, हे डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट ठरवतील. रक्तदाब नियंत्रणात हवा.
- नुसत्या मालिशीवर विसंबू नका. दुसऱ्याने हात हलवला तर सांधे मोकळे राहतात, पण मेंदू शिकतो तो स्वतः प्रयत्न केल्याने.
- घास भरवण्याआधी रुग्णाला स्वतः प्रयत्न करू द्या. सांडले तरी चालेल.
- सगळ्यांचे सगळे परत येत नाही. पण सहा महिन्यांनंतर दार बंद होते, असे मात्र समजू नका.