दप्तर, डबीर, चिटणीस

आपले मूल दप्तर पाठीला लावून शाळेत जाते. हिंदीत मात्र त्याचा बाप दफ्तरात कामाला जातो. तलाठ्याचे दप्तर तपासायला निघाले की तिथे ना पिशवी असते ना कचेरी, नुसते कागद असतात. या तिन्ही अर्थांत जुना तिसरा असावा. अरबी-फारसीत 'दफ्तर' म्हणजे वही, नोंदवही. कागद ठेवायची जागा ती दफ्तर, ही वाट हिंदीने धरली. मराठीत कागद ज्या फडक्यात बांधायचे ते फडकेच दप्तर झाले, आणि पुढे फडक्याची पिशवी झाली, असे दिसते.

'फ'चा 'प' कसा झाला, याला सोबती आहे. फारसी 'हफ्ता' आपल्याकडे 'हप्ता' झाला. त्या 'हफ्ता'त 'हफ्त' म्हणजे सात, अर्थात आपल्या 'सप्त'चा सख्खा भाऊ. इराणी भाषांनी 'स'चा 'ह' आणि 'प'चा 'फ' केला. मराठीने निदान 'प' तरी घरी परत आणला. मला हा 'हप्ता' फार आवडतो. कर्जाचा असला तरी.

'दफ्तर' हा शब्द मात्र इराणी घरचा नव्हे. त्याचे मूळ ग्रीक 'दिफ्थेरा', म्हणजे कमावलेले कातडे. इतिहासकार हिरोडोटस आपल्या पाचव्या पुस्तकात सांगतो, की आयोनियातले ग्रीक लोक पपायरसच्या ग्रंथांनाही 'दिफ्थेराई'च म्हणतात, कारण पपायरस दुर्मिळ होता तेव्हा ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांवर लिहीत. म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच वस्तू बदलली होती आणि नाव टिकून होते. हिरोडोटसचे हे एक वाक्य शब्दचर्चेच्या आद्य नमुन्यांत गणावे असे आहे. त्याच ग्रीक शब्दावरून १८२६ साली ब्रेतोनो या फ्रेंच वैद्याने घशात चामड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाला नाव दिले. तो आपला घटसर्प, डिप्थेरिया. पोराचे दप्तर आणि पोराला टोचायची त्रिगुणी लस यांचे नाते असे कातड्याचे आहे.

कातड्याचे दफ्तर पुण्यात आले तोवर कागदाचे झाले होते, आणि पेशवे दप्तरात ते कापडात गुंडाळले गेले. त्या बासनाला 'रुमाल' म्हणतात. 'रू' म्हणजे तोंड, 'माल' म्हणजे पुसणारा. तोंड पुसायच्या फडक्याला मराठी राज्याचा सगळा पत्रव्यवहार सांभाळायची जबाबदारी मिळाली. रियासतकार सरदेसाईंनी १९३० पासून त्यातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापले. त्याआधी, १८९८ साली, इतिहाससंशोधक राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला होता. तो तर वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून दप्तरे हुडकत फिरण्याचे फळ. गाठ सोडणे, मोडी लावणे, मिती जुळवणे, ही या अभ्यासाची पहिली कामे.

दप्तर आले कातड्यातून. ते राखणारा माणूस कुठून आला? शिवाजी महाराजांच्या प्रधानांत डबीर आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास त्याचा सुमंत झाला. परराज्यांशी पत्रव्यवहार हे त्याचे काम. 'डबीर' म्हणजे फारसी 'दबीर', लेखक. मध्य फारसीत 'दिबीर', आणि त्यामागे जुन्या फारसीतले 'दिपी' म्हणजे लेख. इराणातल्या बेहिस्तुनच्या कड्यावर राजा दारयुशाने आपल्या लेखाला 'दिपी'च म्हटले आहे. त्याच कड्यावरच्या एलामी मजकुरात हाच शब्द 'तुप्पी' असा आहे. (कड्यावरचा हा लेख उतरवून घेणारा हेन्री रॉलिन्सन मुंबईच्या फौजेतला अधिकारी होता.) एलामीच्या मागे अक्कदी 'तुप्पू' आणि त्याच्या मागे सुमेरी 'दुब'. दुब म्हणजे ओल्या मातीची पाटी, टोकदार बोरूने टोचून लिहायची. सुमेरी शाळेचे नावच 'एदुब्बा', पाट्यांचे घर. आजही फारसीत प्राथमिक शाळा 'दबिस्तान' आहे. 'दिवाण'ही याच कुळातला असावा. तेव्हा महाराष्ट्रात डबीर आडनावाच्या दारावरची पाटी वाचताना थोडे थांबावे. पाटीवर पाटीच लिहिली आहे.

आता या 'दिपी'चा अवघड भाग. वायव्य सीमेवरच्या शाहबाजगढीच्या खडकावर, खरोष्टीत, अशोक आपल्या लेखाला 'ध्रमदिपि' म्हणतो. गिरनारला त्याच जागी 'धंमलिपि' आहे. आपली 'लिपी' ही 'दिपी'च का? पाणिनी 'लिपि' आणि 'लिबि' अशी दोन्ही रूपे नोंदवतो. शब्द घरचा असता तर असा डळमळला नसता, असे मला वाटते. 'दिपी' सीमेवरून आली, आणि 'लिप्' म्हणजे माखणे, सारवणे या ओळखीच्या धातूकडे पाहून तिने 'द'चा 'ल' करून घेतला असावा. शाई माखतातच. 'लिपी' सरळ 'लिप्'वरूनच काढणारे विद्वान आहेत. त्यांनी शाहबाजगढीच्या 'द'चा हिशेब द्यायला हवा.

त्याच खडकावर 'निपिस्त' असाही शब्द आहे, अर्थ 'लिहिलेले'. हाही जुन्या फारसीचा, 'नि' उपसर्ग आणि 'पिश्' धातू मिळून झालेला. संस्कृतात 'पिश्' म्हणजे कोरणे, सजवणे. या 'निपिस्त'च्या घराण्यात पुढे फारसी 'नवीस' जन्मला, आणि मराठीत त्याचा 'नीस' झाला: चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, वाके म्हणजे घडामोडी लिहिणारा वाकनीस, फारसी लिहिणारा पारसनीस. डबीर आणि चिटणीस हे दोघे शिवकाळात एका कचेरीत भेटले असे आपण समजतो. त्यांचे पूर्वज सुमारे एकोणीसशे वर्षे आधी एका खडकावर शेजारी होते. जुने कागद जमवण्यात आयुष्य घातलेल्या दत्तात्रय बळवंतांचे आडनाव पारसनीस असावे, आणि ज्योतिर्गणिताने प्राचीन कालगणना लावू पाहणाऱ्या नागपूरच्या केशव लक्ष्मणांचे दप्तरी, याने मला नेहमी आनंद होतो.

राहिला फडणीस. नाना फडणीसांच्या नावातला 'नीस' कळला, पण 'फड' कुठला? कचेरीचा, माणसांनी भरलेला मराठी फड, की अरबी 'फर्द', म्हणजे सुटा ताव, यादी? चिठ्ठी, वाका, फारसी या सगळ्या लिहायच्या गोष्टी आहेत. फड ही लिहायची गोष्ट नव्हे. म्हणून माझा कौल 'फर्द'ला. पण 'र्द'चा 'ड' झालेला दुसरा नमुना मराठीत सापडला तर हवा आहे. कुणाच्या घरच्या रुमालात 'फर्दनवीस' असे रूप आढळले, तर कागदाची मिती आधी पाहावी.