शिरपामाळ आणि पारख

जव्हार गावाच्या वेशीजवळ शिरपामाळ नावाचे एक पठार आहे. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीस जाताना शिवाजी महाराजांनी येथे तळ दिला व जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांच्या मस्तकी मानाचा शिरपेच खोविला. त्यावरून माळास हे नाव पडले, अशी तेथील परंपरा आहे. पुढे आठच वर्षांनी, १६७२ च्या जूनमध्ये, मोरोपंत पिंगळे यांनी तेच जव्हार जिंकून घेतले. वाटेवरील स्नेह त्या वाटेपुरताच खरा, हा राजकारणातील जुना धडा होय.

तोच धडा आज नखाएवढ्या चिपेच्या बाबतीत नव्याने गिरविण्याची वेळ आली आहे. चिपेचा आराखडा एका देशात होतो, ती घडविली जाते दुसऱ्यात, आणि तिच्यावर आवरण चढते तिसऱ्यात. या प्रवासात कोणी कोट्यवधी ट्रान्झिस्टरांमध्ये मूठभर अधिक घातले, तर ते नेहमीच्या चाचणीत सहसा उमगत नाहीत. ठरावीक संकेत मिळेपर्यंत ते निपचित पडून राहतात.

ही भीती निव्वळ काल्पनिक नव्हे. स्वित्झर्लंडची क्रिप्टो ए. जी. ही कंपनी अनेक राष्ट्रांस गुप्तलेखनाची यंत्रे विकीत असे. १९७० पासून तिची मालकी गुपचूप अमेरिकी व पश्चिम जर्मन हेरखात्यांकडे होती, हे २०२० साली उघड झाले. ज्यांनी गुपिते राखण्यासाठी दाम मोजले, त्यांचीच गुपिते त्या यंत्रांतून बाहेर जात होती! फसवणुकीचा दुसरा प्रकार अधिक सामान्य आहे. भंगारातून काढलेल्या जुन्या चिपा घासूनपुसून नव्या म्हणून विकल्या जातात. अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२ साली लष्करी साहित्यातील अशा सुमारे १,८०० संशयास्पद प्रकरणांची नोंद केली.

आता कोणी म्हणेल, सर्व काही स्वदेशी करावे म्हणजे झाले. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम’ हा महासंगणक उभा केला, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे; परंतु त्याच्या पोटातील ट्रान्सप्युटर मात्र विलायती होते. पवईच्या आय. आय. टी.ने २०१९ मध्ये ‘अजित’ हा प्रक्रियक पुढे आणला. तो येथेच रेखाटला गेला व मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटरच्या तंत्राने घडविला गेला. हे पाऊल मोलाचे खरे. तथापि जगातील अग्रगण्य कारखाने तेव्हाच ७ नॅनोमीटरपर्यंत पोहोचले होते. सर्वच चिपा घरी घडविणे आज कोणत्याही एका राष्ट्रास साधलेले नाही.

मग उपाय कोणता? पेशवाईत नाना टांकसाळींची नाणी बाजारात चालत. प्रत्येक नाणे आपल्याच टांकसाळीचे असावे असा हट्ट व्यापाऱ्याने धरला असता, तर व्यापार बुडाला असता. तो सराफाकडे जाई. सराफ कस पाही व बट्टा ठरवी. आजचे संशोधक हेच सराफीचे काम करीत आहेत. ते चिपेचे थर एकेक करून उतरवितात व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूळ आराखड्याशी ताडून पाहतात; ती किती वीज पिते यावरून आतील आगंतुकाचा माग काढतात. अडचण एवढीच की, थर उतरविलेली चिप पुन्हा वापरता येत नाही. म्हणून नमुन्याने पारख करावी लागते, आणि नमुना शुद्ध निघाला म्हणजे सारा माल शुद्ध, असे होत नाही.

म्हणूनच ही विद्या शिकलेली माणसे आम्हांस मोठ्या संख्येने हवीत. आपल्या घरांतील मुले यंत्रे बनविण्याची स्वप्ने पाहतात, हे योग्यच आहे. परंतु दुसऱ्याने बनविलेले यंत्र उघडून ‘हे खरे, हे खोटे’ असे निःशंकपणे सांगणारा पारखीही राष्ट्रास तितकाच आवश्यक आहे. शिरपेच स्वीकारताना मान लववावी. पण डोळे मिटू नयेत.