‘भागीदार’ म्हणजे कोण? एका कायदेशीर शब्दाचा इंग्लंड ते मुरुम प्रवास

धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेलगत मुरुम हे गाव आहे. तेथील नगरपरिषदेची निवडणूक लढवणाऱ्याला १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाचे कलम १६ लागू होते. नगरपरिषदेच्या कामात, कंत्राटात किंवा नोकरीत ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तो अपात्र ठरतो. अट कडक वाटते. मात्र तिच्यात पत्नी, मुलगा, भाऊ किंवा मेहुणा यांचा उल्लेख नाही. आहे तो फक्त ‘भागीदार’. चिकटवून घ्यायचे ते आपल्याच माणसाला, हे ज्या समाजात गृहीत धरले जाते, तेथील कायद्याला नातेवाईक दिसू नये, हे नवल आहे. त्याचा उगम मुरुमपासून फार दूर आहे.

आधी गावातील जुनी व्यवस्था पाहू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गावकारभार माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी यांच्या हाती असे आणि ही पदे वंशपरंपरेने चालत. वतनाच्या या जगात ‘हितसंबंध’ लपवण्याचा प्रश्नच नव्हता. नाते हीच पात्रता होती. वतनाचा तंटा गोतसभेपुढे गेला की वादी आपली वंशावळ मांडी, साक्षीदार शपथेवर बोलत आणि निवाड्याच्या महजरावर हजर मंडळींची नावे व निशाण्या उमटत. पाटलाची निशाणी नांगराची. कोण कोणाचा काय लागतो, हे त्या कागदावरूनच कळे. व्यवस्था विषम होती, जन्मावर उभी होती. नाते मात्र त्या कागदावर उघड असे.

इंग्लंडमध्ये याच्या उलट स्थिती होती. तेथील जुन्या नगरसंस्था म्हणजे बंदिस्त मंडळे होती. सदस्यच नवे सदस्य निवडत, आणि शहराचा पैसा व कामे आपसांत वाटून घेत. १८३३ मध्ये नेमलेल्या राजकीय आयोगाने त्यांची चौकशी केली आणि १८३५ चा म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स ॲक्ट आला. नगरसंस्थेच्या कंत्राटात किंवा नोकरीत स्वतःचा अथवा भागीदारामार्फत वाटा असलेल्यास नगरसेवक होता येणार नाही, हे सूत्र त्या कायद्यात आले. ‘भागीदार’ हा शब्द तेथे नेमका होता. शहर व्यापाऱ्यांचे आणि हितसंबंध पेढीचे. तेव्हा पेढीतला भागीदार पकडला की बहुतेक चोरवाटा बंद होत.

हेच सूत्र १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात उतरले. त्या वेळी मुंबईच्या विधिमंडळात फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. अपवादांची यादीही सोबत आली. पालिकेशी व्यवहार करणाऱ्या कंपनीचे समभाग बाळगणारा किंवा पालिकेची जाहिरात छापणाऱ्या वृत्तपत्रात वाटा असणारा अपात्र ठरत नसे. समभाग आणि वृत्तपत्रांचा इतका बारीक विचार करणाऱ्या त्या कलमात पुतण्या मात्र कोठेच आला नाही.

योगायोग असा की याच १८८८ साली पुण्यात क्रॉफर्ड प्रकरण पेटले. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा १८६५ मध्ये मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला होता. क्रॉफर्ड मार्केट त्याच्याच नावाचे. १८८८ मध्ये तो मध्य विभागाचा आयुक्त होता आणि मुरुमला लागून असलेला सोलापूर जिल्हाही त्याच्या अखत्यारीत होता. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्यांसाठी हणमंतराव जहागीरदार या मध्यस्थामार्फत पैसे घेतल्याचा आरोप त्याच्यावर आला. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने खरे सांगणाऱ्या मामलेदारांना अभय दिले आणि त्यांतील अनेकांनी आपण पैसे दिल्याचे शपथेवर सांगितले. चौकशीसाठी कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला.

आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध मानले नाहीत. सिद्ध झाले ते एवढेच की क्रॉफर्डने आपल्या अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जे घेतली होती. या अपराधासाठी त्याची नोकरी गेली. मध्यस्थाला शिक्षा झालेली, देणारे कबुली देऊन बसलेले आणि घेणारा लाचेतून सुटलेला, असा हा निकाल होता. त्याचा न्याय लंगडाच म्हणावा लागेल. पण त्यामागचे तत्त्व महत्त्वाचे आहे. ज्याच्या बढतीचा निर्णय हाती आहे त्याचे ऋणकरी होणे हाच गुन्हा ठरला. त्या कर्जाचा निर्णयावर परिणाम झाला की नाही, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. आज ज्याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात, त्याबद्दल झालेली ही शिक्षा होती.

पुढे इंग्रजी वृत्तपत्रांनी रोख मामलेदारांकडे वळवला: लाच दिल्याची कबुली देणारे लोक न्यायाच्या खुर्चीवर कसे बसू शकतात? अभयाचे वचन पाळावे म्हणून टिळकांनी मामलेदारांची बाजू लावून धरली, अखेर १८८९ मध्ये त्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला, तरीही काहींना पदे गमवावी लागलीच.

क्रॉफर्डचे पाप पैशाचे होते, आणि पैसा कायद्याला ओळखता येत होता. रक्ताचे नाते कायद्यापुढे आले ते विदर्भातून. तेथे १९२२ चा मध्य प्रांत नगरपालिका कायदा लागू होता आणि त्यातही कंत्राटातील हितसंबंधाचे कलम होते. एका उमेदवाराचा मुलगा त्याच नगरपालिकेत रोजंदारीवर होता. मुलाच्या नोकरीत बापाचा हितसंबंध आहे, म्हणून बाप अपात्र, असा आक्षेप निघाला. गुलाम यासीन खान खटला या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १९६६ च्या या निकालाचे सार असे: केवळ बाप-लेकाचे नाते म्हणजे हितसंबंध नव्हे, हितसंबंध आर्थिक, भौतिक किंवा त्याच जातीचा असला पाहिजे, मायेचा वा जिव्हाळ्याचा पुरेसा नाही.

कायद्याच्या भाषेत हा निकाल रास्त होता. अपात्रता ही शिक्षा आहे आणि शिक्षेच्या शब्दांचा अर्थ ताणता येत नाही. रोजंदारीवरील मुलासाठी बापाचा निवडणुकीचा हक्क काढून घेणे अन्यायाचेही ठरले असते. पण मराठी मुलखात ‘भागीदार’ म्हटल्यावर पहिला डोळ्यांपुढे येतो तो भाऊ. वाटेकरी तोच आणि भाऊबंदकीही त्याच्याशीच. इंग्लंडच्या पेढीवरून आलेला शब्द एकत्र कुटुंबाच्या घरात शिरला खरा, पण तेथील माणसे त्याला ओळखता आली नाहीत.

खुद्द इंग्लंडने तोवर वाट बदलली होती. १९३३ च्या स्थानिक शासन कायद्याने सदस्यावर आपला आर्थिक हितसंबंध सभेत जाहीर करण्याचे आणि त्या विषयाच्या चर्चेतून व मतदानातून दूर राहण्याचे बंधन घातले. एकत्र राहणाऱ्या जोडीदाराचा ठाऊक असलेला हितसंबंधही स्वतःचाच धरला जाऊ लागला. भारतात ही दुसरी वाट न्यायालयाने उघडली. जम्मू-काश्मीरमधून भारतीय वनसेवेसाठी अधिकारी निवडताना एक वरिष्ठ अधिकारी निवड मंडळावरही होता आणि उमेदवारही. स्वतःच्या नावावर चर्चा झाली तेव्हा तो बाजूला राहिला. प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर मात्र बसून राहिला. १९६९ च्या क्रायपाक निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. पक्षपात झाला का, यापेक्षा पक्षपाताची वाजवी शक्यता होती का, हा प्रश्न निर्णायक ठरला.

मुरुमचे राज्य या काळात दोनदा बदलले: १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई, १९६० मध्ये महाराष्ट्र. मराठवाड्याचा १९५६ चा हैदराबाद जिल्हा नगरपालिका कायदा आणि विदर्भाचा १९२२ चा कायदा दोन्ही मोडीत निघून १९६५ चा एकच अधिनियम आला. १९६२ मध्ये महसुली पाटीलकीही कायद्याने संपली होती. नव्या अधिनियमाने हितसंबंधाच्या विषयाला अनुकूल मत देणाऱ्या सदस्याचे पद जाण्याची तरतूद केली. ‘भागीदार’ मात्र जसाच्या तसा राहिला. नाते जाहीर करायला लावण्याऐवजी राज्याने निवडीचे कामच हळूहळू गावातून वर नेले. आज नगरपरिषदेचा मुख्याधिकारी शासन नेमते आणि संवर्गातील पदे राज्यस्तरीय परीक्षेने भरली जातात.

गावात उरले ते मुख्यतः कंत्राट. झाडलोटीला माणसे कंत्राटदार आणतो, आणि तेथे १८३५ चे ते जुने कलम पुन्हा कामी येते. अर्थात कंत्राटदार सदस्याचा भागीदार असला तरच. कायम सफाई कामगारांच्या बाबतीत वेगळेच घडले. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार त्यांच्या जागी त्यांच्या वारसाला नोकरी मिळते. पाटीलकीचा वारसा संपवणाऱ्या राज्यात नात्यावर मिळणारी ही नोकरी शासन निर्णयात उघडपणे लिहिलेली आहे, आणि ती आहे हातात झाडू देणारी.