मुस्तफा आणि आकाशकंदील: मुंबईच्या गेम पार्लरचा इतिहास

व्हिडिओ गेमचा कसला आलाय इतिहास, असं आजच्या विषयाबद्दल काहींना वाटलं असेल. इतिहास आहे, आणि गेली काही वर्षं तो गंभीरपणे लिहिलाही जातोय. अडचण एवढीच, की तो बहुतेक जपान आणि अमेरिकेच्या तारखांनी लिहिला जातो. त्या तारखा मुंबईला लावून बघितल्या तर बसत नाहीत. त्या का बसत नाहीत, याबद्दल मी आज बोलणार आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ. पहिला शब्द स्प्राइट. स्प्राइट म्हणजे ठसा. कलाकाराने ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेलं सपाट चित्र चिपमध्ये साठवलेलं असतं आणि यंत्र ते पडद्यावर हवं तिथे उमटवतं. माणूस चालताना दाखवायचा तर पावलागणिक वेगळा ठसा लागतो. तो पाठमोरा दाखवायचा तर पुन्हा नवीन चित्र काढावं लागतं.

दुसरा शब्द पॉलिगॉन. यासाठी दिवाळीचा आकाशकंदील डोळ्यांसमोर आणा. आधी कामट्यांचा सांगाडा बांधायचा, मग त्यावर कागद चिकटवायचा. हा कंदील कुठूनही बघा, प्रत्येक बाजूसाठी वेगळं चित्र काढायची गरज पडत नाही. संगणक तेच करतो. त्रिकोण-चौकोनांचा सांगाडा आकड्यांमध्ये साठवतो, आणि तुम्ही जिथून बघताय तिथून तो कसा दिसेल याचं गणित दर सेकंदाला अनेक वेळा मांडतो.

आता जगाच्या तारखा. सेगा कंपनीचा व्हर्चुआ रेसिंग १९९२ चा आणि व्हर्चुआ फायटर १९९३ चा. त्यांत कंदिलाला साधा एकरंगी कागद होता. पुढे डेटोना यूएसएमध्ये नक्षीचा कागद आला. डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये सोनीचं प्लेस्टेशन बाजारात आलं. त्यातली नक्षी जवळ गेलं की वाकायची, थरथरायची, कारण कागद चिकटवताना ते यंत्र खोलीचा हिशोबच करत नसे. पण यंत्र घरात ठेवण्याजोगं होतं. १९९६ मध्ये निन्टेंडो ६४ आलं, आणि पुस्तकं म्हणतात, स्प्राइटचं युग संपलं.

त्याच वर्षांत मुंबईत काय चालू होतं? मुंबईत 'मुस्तफा' चालू होता. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ च्या या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिकवर तो बेतलेला. खेळायला चार पात्रं, त्यांतल्या एकाचं नाव मुस्तफा कैरो. आपल्या पोरांनी गेमचं लांबलचक इंग्रजी नाव टाकून दिलं आणि अख्ख्या गेमचं बारसं 'मुस्तफा' असं केलं. इथून जवळच लाकडाचा मुस्तफा बाजार आहे, पण त्याचा आणि याचा काही संबंध नाही. (हशा) मुस्तफाच्या जोडीला स्ट्रीट फायटर आणि किंग ऑफ फायटर्स '९७. हे सगळे ठशांचे गेम. पॉलिगॉनचं राज्य जाहीर झाल्यावरही कित्येक वर्षं पार्लरमध्ये ते नाणी गोळा करत होते.

याचं सोपं उत्तर आहे, की आपण मागे होतो. मला ते पटत नाही. पार्लरवाल्याच्या हिशोबाच्या वहीतून बघितलं तर तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण जोडणीचं. १९८५ च्या सुमारास जपानच्या यंत्र-उत्पादकांच्या संघटनेने 'जामा' नावाचं प्रमाण ठरवलं. गेमच्या बोर्डाला एका कडेला ५६ टोकांची पट्टी, एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८. वीज, चित्र, आवाज, जॉयस्टिक, नाण्याची पेटी, सगळं त्या एका पट्टीतून. म्हणजे लाकडी खोका, पिक्चर ट्यूब आणि बटणं तीच ठेवायची, बोर्ड काढून दुसरा खोचायचा. दहा मिनिटांत दुकानात नवा गेम. निओ जिओ यंत्रात तर बोर्डही बदलायला नको, नुसती कॅसेट बदलली की झालं.

दुसरं कारण पिक्चर ट्यूबचं, आणि हे पुस्तकांत सहसा सापडत नाही. साधी टीव्हीची ट्यूब सेकंदाला साधारण पंधरा-सोळा हजार आडव्या रेषा काढते. व्हर्चुआ फायटर, डेटोना यांच्या बोर्डांना सुमारे २४ हजार रेषा काढणारी ट्यूब लागायची. जुन्या खोक्यात तो बोर्ड बसवला तर चित्रच धड दिसणार नाही. वर मोटारींच्या गेमला स्टिअरिंग, पेडल, सीट हवी. म्हणजे नवा गेम घ्यायचा तर अख्खं नवं यंत्र घ्या. गिऱ्हाईक देणार एक रुपया, फार तर दोन. दहा बाय दहाच्या गाळ्यात ते यंत्र ठेवायचं कुठे आणि त्याचे पैसे वसूल करायचे कधी? म्हणून असली यंत्रं मोठ्या जागांत गेली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग अ‍ॅली आली, त्या प्रकारच्या जागांत. जिथे कामगारांनी साचे चालवले तिथेच हे घडलं, याची नोंद गिरणगावाच्या इतिहासात व्हायला हवी.

तिसरं कारण नकलेचं. ठशांचे गेम ज्या चिपमध्ये असत त्यांची नक्कल करणं त्या मानाने सोपं होतं. मुस्तफाच्या मूळ बोर्डावर कॅपकॉमने एक बॅटरी बसवली होती. ती संपली की चिपमधली नेमकी माहिती पुसली जायची आणि बोर्ड बंद पडायचा. नकली बोर्डांत ती बॅटरीच नव्हती. म्हणजे अस्सल माल मरायचा आणि नक्कल चालू राहायची! कायद्याने नक्कल चूकच होती, आणि ज्यांनी ते ठसे काढले त्यांना त्यातून काही मिळालं नाही, हेही सांगायला हवं. पण गेम इतका काळ कसा टिकला, हे त्याशिवाय कळत नाही.

मग पॉलिगॉन मुंबईत आला कसा? तो नाण्याच्या फटीतून आलाच नाही, तो तासाच्या भाड्याने आला. १ एप्रिल २००१ पर्यंत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर संख्येचे निर्बंध होते. त्यामुळे प्लेस्टेशन बहुतेक प्रवाशांच्या सामानातून किंवा आडवाटेने येई आणि लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून फिरे. दुकानदाराने ते टीव्हीला जोडलं आणि तासाचा दर लावला. इथे खेळण्याची रीत पालटली. नाण्याच्या गेममध्ये तुम्ही लवकर मरावं असा मालकाचा फायदा. मुरलेला खेळाडू एका रुपयात फार वेळ उभा राहायला लागला, तर बोर्डावरची बारीक बटणं फिरवून गेम अवघड करता यायचा. तासाच्या दरात मात्र तुम्ही कितीही वेळा मरा, मालकाला फरक पडत नाही. आणि जो खेळाडू एका नाण्यावर शेवटपर्यंत जाई, त्याच्या पाठीमागे जमणारी गर्दीही ओसरली.

सायबर कॅफेतही शुद्ध पॉलिगॉन नव्हता. काउंटर-स्ट्राइकच्या शेजारच्या संगणकावर एज ऑफ एम्पायर्स चालायचा, तो ठशांचा. १९९६ मध्ये संगणकावर आलेला रोड रॅश आपल्याकडे घराघरांत खेळला गेला. त्यातला रस्ता पॉलिगॉनचा आणि त्यावरचे मोटरसायकलवाले ठसे! म्हणजे 'आधी हे, मग ते' अशी सरळ रांग इथे कधी लागलीच नाही. दोन्ही एकत्र नांदले.

डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने २००६ मध्ये 'द शॉक ऑफ द ओल्ड' या पुस्तकात मांडलं, की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या तारखेने मोजू नये, वापराने मोजावा. माझगावकरांना हे पुस्तक वाचून कळायला नको. दारूखान्यात जहाज तोडतात तेव्हा त्याचा साखळदंड, इंजिन, पंप दुसरीकडे नव्याने कामाला लागतात. जहाज कधी बांधलं ही एक तारीख, आणि त्याचा पंप अजून पाणी उपसतोय ही दुसरी. मुस्तफाचं साल १९९३ हे बरोबरच आहे. पण मुंबईत मुस्तफाचं साल विचाराल, तर एका आकड्यात उत्तर देता येणार नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. १९९७ पासून 'मेम' या प्रकल्पामुळे जुन्या बोर्डांमधले गेम संगणकावर जतन होत आहेत. म्हणजे ठसे वाचले. पण गाळा कुठे होता, नाण्याचा दर काय होता, मुली आत का येत नव्हत्या, घरी कळल्यावर मार का बसायचा, हे कुठल्याच चिपमध्ये नाही. पार्लर बंद झाली, खोके भंगारात गेले. आज जे चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांच्या आठवणीत ते उरलंय, आणि ही माणसं आहेत तोवरच ते लिहून ठेवता येईल.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. घरी गेल्यावर एका कागदावर चार गोष्टी लिहा: गल्लीचं नाव, गेमचं नाव तुम्ही म्हणायचात तसं, नाण्याचा दर आणि आठवेल ते वर्ष. एका माणसाची आठवण चुकू शकते. शंभर जणांचे कागद शेजारी ठेवले, की त्या चुका दिसायला लागतात आणि त्यातून इतिहास उभा राहतो. मुंबईच्या तारखा आपणच लिहिल्या नाहीत, तर पुढच्या पिढीला फक्त जपानच्या तारखा मिळतील, आणि आपण तेव्हा 'मागे' होतो हेच तिला खरं वाटेल.