टोमॅटोची चव नेमकी कुठं गेली?



"आताच्या टोमॅटोला चवच राहिली नाही." हे गिऱ्हाईक बोलतं, आणि घरी जेवताना आपणही बोलतो. लगेच ठपका येतो शेतकऱ्यावर. खतं टाकली, औषधं मारली, म्हणून चव गेली म्हणे. खता-पाण्याचा वाटा आहेच, पण खरी गोष्ट दीडशे वर्षं जुनी आहे आणि तिचा बराचसा भाग अमेरिकेत घडला. ती नीट समजून घेतली पाहिजे.

टोमॅटोचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेतले, पेरू-इक्वेडोरकडचे. त्याची शेती रुजली मेक्सिकोत. पुढं पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडं आला. जुनी फळं वेडीवाकडी, कंगोऱ्यांची असायची. ओहायो राज्यातल्या अलेक्झांडर लिव्हिंगस्टन या बियाणेवाल्यानं गोल, गुळगुळीत, एकसारख्या फळांची निवड करत १८७० साली 'पॅरागॉन' हे वाण बाजारात आणलं. टोमॅटो देखणा झाला, गिऱ्हाईक वाढलं.

पुढची पायरी रंगाची. जुन्या वाणात कच्च्या फळाचा देठाजवळचा भाग गडद हिरवा असायचा. फळ पिकलं तरी कधी कधी तिथं हिरवट-पिवळं राहायचं. विसाव्या शतकात पैदासकारांना सगळीकडून सारखी फिकट हिरवी आणि पुढं सारखी लाल होणारी फळं सापडली. तोडायला कधी आलंय ते लांबूनच कळायचं, मालही छान दिसायचा. हा गुण जवळपास सगळ्या व्यापारी वाणांत घातला गेला. २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या अॅन पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचा जनुक शोधला. तेव्हा कळलं, की देठाजवळचा तो हिरवेपणा म्हणजे फळाचा स्वतःचा साखर कारखाना होता. साखर मुख्यतः पानांतून येते, पण काही भाग फळ स्वतः बनवतं. एकसारख्या रंगाच्या नादात तो कारखाना मंदावला.

तिसरी गोष्ट लांबच्या वाहतुकीची. फ्लोरिडात हिवाळी टोमॅटो पूर्ण वाढलेला पण हिरवा असतानाच तोडतात, खोलीत इथिलीन वायू देऊन लाल करतात आणि हजारो किलोमीटर पाठवतात. रंग येतो, पण झाडावर पिकताना जो वास भरतो तो पुरता भरत नाही. टोमॅटोची चव म्हणजे नुसतं गोड-आंबट नाही, निम्मी चव वासाची असते. त्यातच शीतगृह. फळ थंडीत, म्हणजे ५ अंश सेल्सिअसला, आठवडाभर ठेवलं तर वास बनवणारी यंत्रणा मंदावते आणि बाहेर काढल्यावरही पूर्ववत होत नाही, हे २०१६ च्या संशोधनात दिसलं. घरातला फ्रिज हेच काम करतो.

चौथी गोष्ट वजनाची. झाडाची पानं तेवढीच, त्यावर फळं जास्त आणि मोठी लागली, तर साखर वाटली जाते. वर पाणी भरपूर दिलं की आणखी पातळ. फ्लोरिडा विद्यापीठाचे हॅरी क्ली आणि त्यांच्याबरोबरच्या शास्त्रज्ञांनी सुमारे ४०० वाणं तपासून २०१७ साली दाखवलं, की चवीची १३ महत्त्वाची द्रव्यं नव्या वाणांत जुन्यांपेक्षा बरीच कमी आहेत. ती कुणी मुद्दाम काढली नाहीत. निवड करताना उतारा, आकार, कडकपणा, रोग पाहिला. चवीकडं लक्ष गेलं नाही, म्हणून ती हळूहळू गळाली.

आता आपल्याकडं या. नारायणगाव असो की पिंपळगाव बसवंत, २० किलोच्या कॅरेटला भाव ठरतो तो कलर, साइज आणि कडकपणा बघून. माल दूरच्या राज्यात जाणार, वाटेत दबला तर व्यापाऱ्याचं नुकसान. त्यामुळं जाड सालीचं वाण लावणं आणि अर्धा कच्चा तोडा करणं, हे आपलं चुकत नाही. ज्या गुणाला पैसे मिळतात तोच गुण पिकतो. चव हवी असेल तर गिऱ्हाईकानं आणि बाजारानं तिची किंमत मोजली पाहिजे. नुसतं शेतकऱ्याला बोलून ती परत येणार नाही.

'गावरान' म्हणजे चवदारच, असंही नाही बरं का. आणि संकरित वाणसुद्धा झाडावर लाल होऊ दिलं तर बाजारातल्यापेक्षा नक्की बरं लागतं. म्हणून घरच्यासाठी दोन ओळी वेगळ्या ठेवा. तोडणीआधी पाणी थोडं ताणा, फळ झाडावरच पिकू द्या, फ्रिजमध्ये घालू नका. गावाजवळ थेट विक्री असेल तर हाच माल वेगळा सांगून विका. साखर मोजायचं ब्रिक्स मीटर असेल तर आकडा गिऱ्हाईकाला दाखवा.

आणि कुणाच्या परसात देठाजवळ गडद हिरवं असणारं जुनं वाण अजून असेल, तर ते मोडू नका. दिसायला ओबडधोबड असलं तरी दरवर्षी चार चांगली फळं बियाला ठेवा.