ओके

परवा नातू दारात बूट घालता घालता ओरडला, "आजी, ओके?" मी आतून म्हटलं, "ओके." तो गेला. मग लक्षात आलं, त्याने काय विचारलं आणि मी कशाला होकार दिला, हे दोघांनीही बोलून दाखवलंच नव्हतं! तरी काम झालं.

मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. निबंधात 'ओके' दिसलं की लाल शाईचं वर्तुळ आणि शेजारी 'ठीक आहे असे लिहावे' हा माझा शेरा ठरलेला. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई, या शब्दाशी माझा जरा आकसच होता म्हणा ना. पण गेल्या वर्षी एका कारणाने मी त्याच्या मागे लागले. कारण शेवटी सांगते.

आधी त्याची जन्मकथा. हा शब्द चक्क चुकीच्या स्पेलिंगमधून जन्मला आहे! १८३८-३९ च्या सुमारास अमेरिकेत बोस्टनच्या वर्तमानपत्रांतून आद्याक्षरं वापरण्याचं वेड आलं होतं, आणि त्यातली गंमत अशी, की स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं. 'ऑल राइट'चं अडाणी स्पेलिंग करून 'ओ. डब्ल्यू.', 'नो गो'चं 'के. जी.'. तसंच 'ऑल करेक्ट'चं 'ओ. के.'. २३ मार्च १८३९ च्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये ते छापून आलं. म्हणजे 'सगळं बरोबर' असं सांगणाऱ्या शब्दाची दोन्ही अक्षरं चूक! आमच्या वर्गातल्या मागच्या बाकावर शोभावा असा विनोद.

असे विनोद वर्षभरात विरतात. त्याचे भाऊबंद विरलेही. हा तगला तो निवडणुकीमुळे. १८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन दुसऱ्यांदा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक. म्हणून समर्थकांनी त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणत 'ओ. के.' नावाचे क्लब काढले. विरोधकांनी तीच अक्षरं उलटवली. 'कॅश'चं स्पेलिंग 'के'ने करून ते 'आउट ऑफ कॅश', म्हणजे खिसा रिकामा, असा अर्थ लावू लागले. शिवाय आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्ध लिहिता येत नाही, त्यांनीच कागदांवर हे चुकीचं 'ओ. के.' लिहायला सुरुवात केली, अशी आवई उठवली. व्हॅन ब्युरेन हरले, शब्द मात्र देशभर पोचला.

हे वाचताना मला आपलं २०२२ साल आठवलं. सांगोल्याच्या आमदारांचं गुवाहाटीहून फोनवर झालेलं संभाषण जगजाहीर झालं आणि झाडी, डोंगर, हॉटेल यांच्यासकट 'ओक्के' घराघरांत गेलं. दोन महिन्यांत विरोधकांनी त्याच शब्दाला 'खोके' जोडून विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा दिल्या. त्यातलं खरंखोटं राजकारण्यांनी बघावं. मला नवल वाटलं ते एवढंच, की पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी तोच शब्द पुन्हा तसाच उलटवला गेला!

असो. जन्मकथा विसरली गेल्यावर लोकांनी आपापल्या कथा रचल्या. कोणी म्हणे हा चोक्टॉ या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला, कोणी म्हणे ग्रीक. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना चोक्टॉची कथा पटली होती. ते आपली संमती त्याच स्पेलिंगने लिहीत. शेवटी कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक अ‍ॅलन वॉकर रीड यांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून १९६३-६४ मध्ये बोस्टनचा पुरावा मांडला. आपल्याकडे ट्रकच्या मागच्या 'हॉर्न ओके प्लीज'बद्दलही अशाच कथा आहेत. ट्रक रॉकेलवर चालत त्या काळची ती सूचना, असं काही जण सांगतात. ३० एप्रिल २०१५ रोजी महाराष्ट्र सरकारने त्या ओळीवर बंदी घातली, कारण त्यामुळे उगाच भोंगे वाजतात.

आता या शब्दाचे अर्थ बघा. "साहेबांनी फाइल ओके केली", इथे मंजुरी. "सिनेमा ओके होता", म्हणजे न पाहिला तरी चालेल! "तू ओके आहेस ना?" ही काळजी. "ओके, तर मुद्दा असा" हे नुसतं विषयाला वळण. "ओकेऽऽ" असं लांबवलं की अविश्वास. आपलं 'बरं' अगदी असंच आहे. बरं? बरं! बरं बरं. पण 'बरं' आपण कानाने ऐकतो, सुरावरून अर्थ कळतो. मोबाइलवर लिहिलेल्या शब्दाला सूर कुठून आणायचा?

इथेच माझं कारण येतं. धाकट्या भावाशी गावच्या घराच्या वाटणीवरून आमचं वाजलं होतं. सहा वर्षं बोलणं बंद. गेल्या वर्षी तो आजारी असल्याचं कळलं. मी धीर करून मोबाइलवर लांबलचक लिहिलं. चूक माझी होती, तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "ओके आक्का." एवढंच. पाचव्या दिवशी तो गेला.

ते 'ओके' म्हणजे काय? माफ केलं? की 'पुरे झालं आता'? कित्येक रात्री मी ते दोन शब्द वेगवेगळ्या सुरांत वाचून पाहिले. आयुष्यभर मुलांना शब्दार्थ सांगितले आणि मला हाच लागेना.

मग वाचनात तारयंत्राचा भाग आला. अमेरिकेत तारा सुरू झाल्यावर तिथल्या तारमास्तरांनी हा शब्द उचलला. समोरून संदेश आला, की उलट 'ओ. के.' पाठवायचं. संदेशात लग्न असो की मरण, त्यावर मत नाही द्यायचं. अर्थ एवढाच, की तुमचं म्हणणं पुरतं मिळालं.

मी तो अर्थ धरला आहे. पोचलं. त्याने माफ केलं असं मी म्हणू शकत नाही, तो हक्क त्याचा होता. पण माझं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचलं, आणि पुढे त्याने 'आक्का' लिहिलं. तेवढा शब्द तर आपला आहे, त्याचा अर्थ मला कुठे शोधावा लागला नाही.

मंडळी, कुणाशी बोलणं बंद असेल तर लिहू नका, फोन करा. सूर ऐकू येतो.