मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी

नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घेत. साखरही धुवायची. १८५७ च्या बंडात जवळच्या नातलगाला फाशी झाली. त्या धक्क्यानं घरच्या कर्त्या पुरुषाला सोवळ्याचं असं वेड लागलं, की जगातली हर वस्तू त्यांना विटाळलेली दिसू लागली. पाण्यात घातलेल्या मिठातलं हाती किती उरत असेल, हे घरातल्या बायकांनाच ठाऊक. त्या घरात १८६८ साली मनकर्णिका जन्मली. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न होऊन ती लक्ष्मीबाई टिळक झाली.

आम्ही नगरचे ख्रिस्ती. आमच्या घरी रविवारी संध्याकाळी भजन असे. सतरंजी अंथरायची, पेटी मध्ये, टाळ मुलांच्या हातात. आजी टिळकांचे अभंग डोळे मिटून म्हणे. तिला पुस्तक लागत नसे. या अभंगांत ख्रिस्त बहुधा आईच्या रूपात येतो, आणि म्हणणारा लेकराच्या. जमिनीवर मांडी घालून देवाची आळवणी करण्याची ही रीत आमच्यात कुठून आली, याचा शोध घेताना मी लक्ष्मीबाईंपर्यंत पोचले. रीत घातली ती कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या पदकारांनी आणि पुढे नारायण वामन टिळकांनी. पण त्या लेकराचं मन जगून दाखवलं ते लक्ष्मीबाईंनी, असं मला ठामपणे वाटतं.

टिळक स्वतः स्वस्थ बसणारे नव्हतेच. आज हे गाव, उद्या ते. आज ही नोकरी, उद्या ती. धर्माचंही तसंच. राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. पुढे डोंगरावरचं प्रवचन वाचून या माणसाला प्रथमच थांबावंसं वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणलं असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं. त्यांच्या अभंगांतली लडिवाळ तक्रार, रुसवा, हक्क हे सगळं वारकऱ्यांकडून आलेलं आहे.

इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पदरी मुलगा दत्तू, नवरा बाटलेला. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, त्यातला काही काळ पंढरपुरात. परतल्या तेव्हाही स्वयंपाक निराळा, पाणी निराळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. मिठालाही विटाळ मानणाऱ्या बापाची ही लेक. तिच्या मनातली ती गाठ कुणाच्या प्रवचनानं सुटली नाही. देवानं माणसं केली, मग जाती कुणी केल्या? हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि त्याचं सरळ उत्तर स्वीकारलं. एकदा स्वीकारल्यावर कुणाच्याही हातचं पाणी प्यायला त्यांना अडचण उरली नाही. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मार्काच्या शुभवर्तमानात लोक मुलांना घेऊन येशूकडे येतात आणि शिष्य त्यांना दटावतात, तो प्रसंग आम्ही शब्बाथ शाळेत पाठ केलेला. येशू रागावतो तो शिष्यांवर, आणि मुलांना कवेत घेतो. मुलांनी काही सिद्ध केलेलं नसतं, ती नुसती आलेली असतात. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हा प्रसंग मला वारंवार आठवतो. आपल्याला काय येत नाही हे ही बाई कधी लपवत नाही, आणि म्हणूनच तिला सगळीकडे जागा मिळते. तिच्या दारातही सगळ्यांना जागा होती. कवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपले बालकवी, नगरला टिळकांच्या घरी राहिले. ते हिंदूच राहिले आणि लक्ष्मीबाईंचे मानसपुत्रही झाले. १९१८ साली रेल्वेच्या रुळांवर ते गेले, तेव्हा त्यांच्या वयाची तिशीही उलटली नव्हती.

टिळकांना ही घरातली मोकळीक ख्रिस्ती मंडळीत आणायची होती. १९१७ साली मिशनच्या पगारावर पाणी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला आपलं मानणारे सगळे तिथे शिष्य. मिशनमधल्या जाणत्यांना ते परवडणारं नव्हतं. सभासदांची नोंदवही कशी ठेवायची, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण मला टिळकांचं पटतं. दारात आलेल्या लेकराला कुणी दाखला मागत नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले आणि दरबार पुढे टिकला नाही.

मागे राहिलं ते ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं अर्धवट काव्य, ‘ख्रिस्तायन’. मोजकेच अध्याय झाले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लिहायला-वाचायला नवऱ्याकडूनच शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे ओढलं आणि त्यातला बहुतेक भाग ओवीबद्ध केला. १९३६ साली त्या वारल्या, तेव्हा थोडंच उरलं होतं. ते देवदत्तांनी, म्हणजे त्यांच्या दत्तूनं, पुरं केलं.